फौजेतून नगररचनेत आलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

गावातला एक मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात आहे. परवा सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "काका, चार वर्षांनी पेन्शन घेऊन येणार. तुम्ही शहरांचे नकाशे करता म्हणे. मलाही तेच करायचंय, सिक्युरिटीत उभं राहायचं नाही." मी माझ्यापुरतं सांगितलं. पण माझी वाट ही एकच वाट नाही, म्हणून हा धागा. सेना, नौदल, हवाई दल, कुठूनही आला असाल आणि आता नगररचनेच्या कामात असाल, किंवा येऊन परत गेला असाल, तर लिहा. घरच्यांनीही लिहा.

सुरुवात मी करतो. मीही त्याच दलातला, खडकीला तयार झालेला, सर्व्हेयर ट्रेडचा, म्हणजे मोजणीच्या कामाचा हवालदार. १७ वर्षांनी घरी आलो आणि एका खासगी सल्लागाराकडे लागलो. त्यांच्याकडे एका लहान नगरपालिकेच्या विकास आराखड्याचं काम होतं. १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा आखण्याआधी गावात आज कुठे काय आहे याचा नकाशा करावा लागतो. घर, गोठा, पिठाची गिरणी, देऊळ, सगळं पायी फिरून नोंदवायचं. चालण्याचा प्रश्न नव्हता. अडलं ते रंगांवर. फौजेच्या नकाशावर निळा आपला आणि लाल शत्रूचा. इथे निळा म्हणजे दुकानं, आणि लाल म्हणजे शाळा, दवाखाने. पहिला महिनाभर शाळेवर लाल रंग भरताना हात थांबायचा.

आणि दुसरं, ज्याची कुणी तयारी करून घेतली नव्हती. टेप धरून दारात उभा राहिलो की घरातली बाई पहिलं विचारायची, "आमचं घर जाणार का?" मी फक्त नोंद करायला आलोय हे तिला पटायचं नाही, आणि तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही.

माजी सुभेदार, वडोदरा

मी तिसऱ्या पिढीचा बडोदेकर मराठी. माझं या कामात येणं भूजपासून सुरू होतं. २६ जानेवारी २००१ला सकाळी भूकंप झाला आणि आमची तुकडी तिकडे निघाली. जुन्या भूजच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंची घरं एकमेकांवर कोसळून गल्लीच उरली नव्हती. यंत्रं बाहेरच्या रस्त्यावर उभी आणि आवाज आतून येतोय. आम्ही हातांनी दगड काढत होतो. एका ठिकाणी आवाज दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. जास्त लिहीत नाही.

पेन्शनीत आल्यावर मी एका नियोजन संस्थेत सर्व्हेसाठी लागलो आणि तिथे भूजच्या जुन्या शहराचे नगररचना परियोजनेचे नकाशे पाहायला मिळाले. मी तासन्‌तास पाहत बसलो. रस्ते रुंद करायला जमीन लागते, ती एकाच माणसाची घेतली तर तो संपतो. म्हणून सगळ्यांचे प्लॉट कागदावर एकत्र केले, प्रत्येकातून थोडी जमीन कापली, रस्ते काढले आणि उरलेल्यातून प्रत्येकाला नवा प्लॉट दिला, शक्यतो जुन्या जागेच्या जवळ. लहान प्लॉटवाल्याची कपात कमी, मोठ्याची जास्त. ही पद्धत तिथे नवी शोधलेली नाही. आपल्याकडे १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ती आहे.

ज्या गल्लीत मी होतो ती नकाशावर शोधली. तिथून आता गाडी जाते. तेव्हापासून मला दुसरं काम करावंसं वाटलेलं नाही.

माजी कॅप्टन, इंजिनियर्स, पुणे

दहा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसनंतर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारी-नोकरीनंतर बाहेर पडले. सिव्हिलची पदवी होती, गेट ही प्रवेश परीक्षा दिली आणि नगर नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसले. वर्गातली मुलं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सॉफ्टवेअरवर त्यांचा हात माझ्या दुप्पट चालायचा. मी सरळ त्यांच्याकडून शिकले.

सुभेदार साहेब, तुमचं वाचून मला माझी चूक सांगावीशी वाटते. आपल्या हाताला सरळ रेघेची सवय असते. मी एका शहराच्या आराखड्यात १८ मीटरचा रस्ता शाळेपासून बाजारापर्यंत सरळ काढला. कागदावर फार देखणा होता. आराखड्याचं प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा जाहीर झाला, हरकतींना ३० दिवस असतात, आणि त्या एका रस्त्यावर गठ्ठाभर हरकती आल्या. सुनावणीत एक आजोबा उभे राहिले. त्यांनी वाद घातला नाही. कागद उलटा करून त्यावर ओढा काढला आणि म्हणाले, "ताई, पावसाळ्यात पाणी इथून येतं. तुमचा रस्ता त्याच्या वाटेत आहे." आमच्या नकाशात तो ओढा नव्हता, कारण सर्व्हे मे महिन्यात झाला होता. रस्ता वळवला. तेव्हापासून मी कुठलीही आखणी पक्की करण्याआधी पावसाळ्यात एकदा तिथे जाऊन येते.

माजी नायब सुभेदार, लातूर

कॅप्टन मॅडम, सरळ रेघेचं काय होतं ते किल्लारी भागात येऊन बघा. १९९३च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. मी तेव्हा नोकरीत होतो, सुट्टीवर आलो तर मला ती गावं आवडली होती. चौकोनी प्लॉट, सरळ रुंद रस्ते, छावणीसारखी. आईला विचारलं तर म्हणाली, "शेजार गेला." जुन्या गावात ओट्यावर बसलं की चार घरांशी बोलणं व्हायचं, इथे दोन घरांत हाक पोचत नाही. आज मी एका कार्यालयात नकाशे तपासतो आणि घरांमधलं अंतर मोजताना आईचं ते वाक्य आठवतं. घरं भक्कम हवीतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हवाई दल, तंत्रज्ञ, नाशिक

मी नगररचनेचं काम दोन वर्षं करून सोडलं. त्या मुलाला एक गोष्ट नीट सांगा. १५ वर्षांच्या सेवेवर मिळणाऱ्या पदवी-समकक्षतेवर, म्हणजे सेवा पदवीच्या बरोबरीची धरण्याच्या सवलतीवर विसंबू नको. तांत्रिक पात्रता मागणाऱ्या पदाला ती चालत नाही. मी त्यावर विसंबून होतो, आणि वय निघून गेल्यावर कळलं. नोकरीत असतानाच सिव्हिलचा डिप्लोमा किंवा पदवी पूर्ण कर, ट्रेडची सगळी प्रमाणपत्रं सोडण्याआधी हातात घे. नंतर सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहारात महिने जातात.

एका माजी सैनिकाची पत्नी, सातारा

आमचे हे या कामात आल्यापासून बाजारात टेप घेऊन येतात. पदपथ मोजायचा, कारण चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी असं मानक आहे. आमच्या पेठेत कुठेच नाही. आधी मला लाज वाटायची. मग सासूबाई रस्त्यावर उतरून चालताना दुचाकीच्या धक्क्याने पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आता टेपचं दुसरं टोक मी धरते. आम्ही दोघांनी पेठेच्या सगळ्या रस्त्यांची मापं लिहून पालिकेत अर्ज दिलाय.

धागा सुरू करणारा

त्या मुलाला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. नाशिकच्या दादांचं ऐकून त्याने डिप्लोमाचा फॉर्म मागवला. आणि म्हणाला, पुढच्या सुट्टीत घरी येण्याआधी भूजला उतरतो. सुभेदार साहेब, त्याला ती गल्ली दाखवाल का?

माजी सुभेदार, वडोदरा

नक्की दाखवेन. गाडीची तारीख कळवायला सांगा, मी स्टेशनवर असेन.