शेतकरी मित्राच्या नावावर भागीदारीत जमीन घ्यावी का?

प्रश्न:
माझा शाळेपासूनचा मित्र भोर तालुक्यात २० गुंठे शेतजमीन घेऊन, ती बिनशेती करून, प्लॉट पाडून विकण्याच्या विचारात आहे. निम्मी रक्कम, म्हणजे १८ लाख रुपये, मी घालावी आणि नफा निम्मा निम्मा वाटून घ्यावा, असे तो म्हणतो. मी शेतकरी नसल्यामुळे खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावावर होईल आणि आमच्यात ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला करार राहील. त्याच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. परंतु ही रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेली आहे, म्हणून विसार देण्यापूर्वी विचारत आहे.

प्रतिसाद १:
मित्र कितीही सचोटीचा असला तरी कृपया असा व्यवहार करू नका. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. पैसे आपले आणि नाव त्याचे, अशी खरेदी बेनामी ठरण्याचा मोठा धोका आहे. तशी ठरल्यास जमीन सरकारजमा होऊ शकते आणि खरा मालक म्हणून आपल्याला दावाही लावता येत नाही. भागीदाराने विश्वासाने धारण केलेल्या मालमत्तेला बेनामी व्यवहारांच्या कायद्यात अपवाद आहे खरा, पण नोटरीच्या कागदावर तो सिद्ध करणे फार अवघड जाईल.

प्रतिसाद २:
माझ्या वडिलांनी असाच व्यवहार केला होता. त्यांचे मित्र अपघातात गेले आणि वारसनोंदीने काकू व तीन मुलांची नावे सातबाऱ्यावर लागली. काकूंनी आमचे पैसे कधीच नाकारले नाहीत. पण धाकटा मुलगा अल्पवयीन असल्यामुळे त्याचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागली, मोठ्याला जमीन विकायचीच नव्हती, आणि वडिलांना केवळ मुद्दल परत मिळायला अकरा वर्षे गेली. दोन्ही घरांचे येणे-जाणे तेव्हापासून थांबले, याचे दुःख वडिलांना पैशांपेक्षा अधिक होते.

प्रतिसाद ३:
एकत्र गुंतवणूक करायचीच असेल, तर आधीच बिनशेती झालेला प्लॉट घ्या, खरेदीखतात दोघांची नावे व हिस्से स्पष्ट लिहा आणि रक्कम बँकेतूनच द्या. प्लॉट पाडून विकणे हा मात्र व्यवसाय आहे: ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेसाठी महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि २० गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर होतात. भागीदारी संस्था काढल्यास तिची नोंदणी करा, कारण नोंदणी नसेल तर करारातील हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही. शिवाय संस्थेच्या कर्जाला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो, तेव्हा वहिनींनाही हे सारे आधी सांगा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. विसार थांबवला आहे. दोघांच्या नावावर बिनशेती प्लॉट घेण्याचा पर्याय रविवारी मित्राच्या घरी, आमच्या दोघांच्या पत्नींच्या समक्ष मांडणार आहे.