मदत हवी आहे: भावाला झटके, डॉक्टर म्हणतात जुना गोवर

जतकर: भावाला दिवाळीपासून झटके येतायत. फिटच्या गोळ्या चालू आहेत, फरक शून्य. मिरजेत पाठीतलं पाणी काढून तपासलं, आता म्हणतात एसएसपीई, मेंदूचा आजार, गोवरामुळं. अंगावर एक पुरळ नाही, मग गोवर कुठनं आला? माहीत असेल त्यांनी लवकर सांगा.

कृष्णाकाठ: वय? शुद्ध हरपते का? ईईजीत, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीत, काय आलं?

तासगावकर: आमच्या चुलत्यांना आकडी यायची. कांदा हुंगवला की उठून बसायचे.

कृष्णाकाठ: कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काहीही नको. कुशीवर वळवा. पाच मिनिटांवर गेलं तर १०८.

तासगावकर: आम्ही डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

पलूसचा शेतकरी: लसीमुळंच होतं हे सगळं.

जतकर: वय २२. शुद्ध जात नाही. जेवताना मान झपकन खाली जाते, हातातला घास पडतो, जरा वेळानं परत तेच. झोपला की बंद. त्याआधी दुकानाचा हिशेब चुकायला लागला होता. ईईजीत ठराविक अंतरानं मोठ्या लाटा लिहिल्यात. आई म्हणते दहा महिन्यांचा असताना गोवर आलेला. घरचे ऊसतोडीला, लस राहून गेली.

कराडची सिस्टर: तोच गोवर. दोन वर्षांच्या आत झाला तर धोका जास्त. विषाणू मेंदूत दडून राहतो, बहुतेकदा ६ ते १५ वर्षांनी उठतो, क्वचित विशीतही. पलूसकर, लसीनं हा आजार होत नाही, टळतो. पाठीच्या पाण्यात गोवराच्या अँटीबॉडी वाढलेल्या असतील, निदान मुख्यतः त्यावरून होतं. दादा, पूर्ण बरं करणारं औषध नाही, हे लपवत नाही. व्हॅल्प्रोएट, क्लोनाझेपामनं झटके कमी होऊ शकतात. आयसोप्रिनोसिन, इंटरफेरॉननं काहींचा आजार मंदावतो. डॉक्टरांना विचारा, आहे ती गोळी मनानं बंद करू नका. नजर तपासली का? आणि त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही, ताट वेगळं काढू नका.

वाईकर: फिट येते म्हणून लग्न थांबवू नका. माझ्या मेव्हणीचं छान चाललंय.

कृष्णाकाठ: लग्नाचं कुणी विचारलंय?

सातारी: बंगळूरला निम्हान्समध्ये दाखवा, मेंदूच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. मिरजेतून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे.

जतकर: सिस्टर, मोबाईल अगदी नाकाजवळ धरतो तो. उद्याच डोळे तपासून घेतो, औषधांचंही विचारतो. निम्हान्सला कुणी गेलंय का? आधी नंबर लावावा लागतो का, आणि आईला त्याच्याजवळ राहू देतात का?