जुन्या एकपडदा थिएटरच्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर का?

प्रश्न: शिवाय खिडक्यांना लोखंडी झडपा कशासाठी?

उत्तर १: २००० फुटांचं रीळ जेमतेम २२ मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, लगेच दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका, तिथे पहिला बंद करून दुसऱ्या प्रोजेक्टरवर जायचं. तोवर प्रोजेक्टरला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्याही जळून आखूड होतात, त्या बदलायला हीच उसंत.

उत्तर २: झडपा नायट्रेट फिल्ममुळे, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्ममुळे. जळताना ती स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून पाण्याखालीही विझत नाही! झडपांच्या साखळीत उष्णतेने वितळणारा दुवा असतो; तो वितळला की झडप आपोआप खाली पडते आणि आग केबिनमध्येच अडते. डागडुजीत त्यावर रंग अजिबात चढवू नका, वेळेवर वितळणार नाही.

उत्तर ३: कार्बनच्या कांड्यांऐवजी झेनॉन वायूचा दिवा आणि सबंध सिनेमा मावणारी आडवी थाळी आल्यावर एक मशीन पुरलं. एकच ऑपरेटर अनेक पडदे सांभाळू लागला; मोठ्या एकपडद्यांना ती स्पर्धा जड गेली.