मदत हवी आहे: भरलेल्या कोळसा खाणीशेजारचं वावर खचतंय

चंद्रपूर जिल्हा. आमच्या वावराला लागून उघडी कोळसा खाण होती. ती भरून वर झाडं लावली. दोन पावसाळ्यांपासून धुऱ्याजवळ भेग पडते, यंदा फावडं दांड्यासकट आत गेलं. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याला घळी पडून माती कपाशीवर येते ते वेगळंच. दोनदा मुरूम भरला, पहिल्याच झडीत खाली बसला. भेगेतून धूर, वाफ काही नाही, म्हणजे खाली कोळसा पेटल्याची खूण दिसत नाही. सातबारा आमच्याच नावावर, संपादन झालेलं नाही. खाणीकडच्या अर्जाची पोच आहे, उत्तर नाही. पंचनामा झाला, पण फक्त पिकाचा.

नुसता भराव बसतोय की खाली जुनी भूमिगत खाण आहे, हे कमी खर्चात कसं ओळखायचं? आणि खाणीचा नकाशा मागायला अर्ज कुठे करू, नागपूरच्या खाण सुरक्षा कार्यालयात की जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे?