सल्ला हवा: घरात दोन उनाड मांजरं आणि दिवाळीची नानकटाई

वेलचीवेणी:
नमस्कार मंडळी, ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहते, स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान आहे. तांबू आणि चिंगी, सख्खी भावंडं, आठ महिन्यांची. यंदा दिवाळीत विकतचं काही आणायचं नाही, नानकटाई आणि रव्याचा केक घरीच करायचा, शेजारीपाजारी डबे द्यायचे असं ठरवलंय. रविवारी ट्रायल म्हणून तूप-साखर फेटायला घेतली तर तांबू थेट ओट्यावर, परातीत दोन पंजे, आणि मी त्याला उतरवेपर्यंत चिंगीने तूप चाटायला सुरुवात केली, सगळं फेकून द्यावं लागलं. अर्धी वाटी घरचं कढवलेलं तूप होतं हो, जीव हळहळला. दोघांना बेडरूममध्ये कोंडलं की दार ओरबाडून इतका आक्रोश करतात की मलाच बघवत नाही. तुम्ही कसं जमवता? आणि झटपट होणारी, पसारा कमी असलेली रेसिपी असेल तर तीही सांगा.

उनाडपारवा:
पाण्याचा स्प्रे ठेवा हाताशी. दोनदा उडवलं की येत नाहीत.

चिंचगूळ:
@उनाडपारवा, स्प्रे नको हो. त्यांना ओट्याची नाही, आपलीच भीती बसते, आणि आपण नसताना ओट्यावर चढतातच ती.

वेणीताई, माझ्याकडे तीन आहेत आणि मी डिसेंबरभर केक करते, त्यामुळे सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट वेळ. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त उधळतात, तो त्यांचा शिकारीचा टाइम, आणि आपण नेमकं ऑफिसातून आल्यावर सात वाजता मैदा चाळायला घेतो. दुपारी एक ते चार बेकिंग करून बघा. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं काठीला पीस बांधून दमेपर्यंत खेळवायचं, शेवटी पीस पकडू द्यायचं, आणि लगेच जेवण वाढायचं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा क्रम ठरलेलाच असतो, तो पूर्ण झाला की दोन तास गाढ झोपतात. नुसतं खेळवून जेवण दिलं नाही तर मात्र भुकेली होऊन ओट्यावरच येतात, हे मी करून बघितलंय.

दुसरं, त्यांना चढायला दुसरी उंच जागा द्या. खिडकीशी स्टूल, त्यावर जुनी गोधडी. वरून दिसलं की अर्धी उत्सुकता तिथेच भागते.

सायसाखर:
मांजराला गोड चव कळतच नाही, माहितीये ना? गोड ओळखणारा जो जीन लागतो तो त्यांच्यात बंद पडलेला आहे, २००५ साली संशोधकांनी हे शोधून काढलं. म्हणजे तुमची चिंगी साखरेसाठी नाही, तुपाच्या वासावर आली. म्हणून तूप-लोणी उघडं ठेवायचं नाही, बाकी पिठीसाखरेला ती हुंगून निघून जातील.

नानकटाई माझी अशी: अर्धी वाटी घट्ट तूप (पातळ नको), अर्धी वाटी पिठीसाखर, पांढरं हलकं होईपर्यंत फेटायचं. त्यात सव्वा वाटी मैदा, दोन चमचे बेसन, एक चमचा रवा, वेलची, चिमूटभर मीठ आणि बेकिंग पावडर. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळे वळून ट्रे झाकून वीस मिनिटं फ्रिजमध्ये. तुमच्याकडे हे फार कामाचं, कारण फ्रिज बंद म्हणजे पंजा नाही, आणि गार गोळे ओव्हनमध्ये पसरतही नाहीत. ओटीजी १७० डिग्रीला, पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरून परत आत टाकू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात. गार होताना वर जाळीचं झाकण हवंच.

ओटीजीचा पत्रा वरून चांगलाच तापतो, त्यावर उडी पडणार नाही एवढं बघा.

चिंचगूळ:
आणि चॉकलेट, कोको पावडर लांबच ठेवायची, त्यातलं थिओब्रोमिन मांजरांना विषारी असतं. यीस्ट घातलेली कच्ची कणीकही नको, पोटात जाऊन फुगते आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. मनुके-बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक ठरतात, म्हणून डॉक्टर मांजरांनाही देऊ नका म्हणतात.

रानजाई:
मी इथे सहसा लिहीत नाही पण हे लिहायलाच हवं. खाण्यापेक्षाही पॅकिंगचा दोरा सांभाळा. मागच्या दिवाळीत मी डब्यांना बांधायला सोनेरी दोरा आणला होता, कापलेले तुकडे तसेच गादीवर पडले होते, आमच्या मनीने एक खेळता खेळता गिळला. दोन दिवस उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात बसून राहिली. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, दोऱ्याचं टोक जिभेखाली अडकलं होतं आणि बाकीचा आत. नाडी ओढली की कापडाच्या चुण्या पडतात ना, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं म्हणाले. ऑपरेशन झालं, वाचली. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कृपा करून स्वतः ओढू नका, आतडं चिरतं, तसंच डॉक्टरकडे न्या.

वेलचीवेणी:
रानजाई, वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे तसाच दोऱ्याचा गुंडा टीपॉयवर होता, आत्ता उठून कपाटात टाकला आणि किल्ली लावली. डब्यांना दोरा नाहीच, कागदी पट्टी चिकटवणार. तुमची मनी आता कशी आहे?

रानजाई:
मस्त आहे गं. पोटावरचे केस परत आलेत, आत्ता मांडीवरच आहे.

वेलचीवेणी:
अपडेट देते. आज दुपारी दीडला केलं. आधी पीस, मग जेवण, मग दोघं ओटीजीच्या रिकाम्या खोक्यात एकमेकांवर डोकं टाकून झोपली, तांबूची शेपटी बाहेर. सायसाखर, गोळे फ्रिजमध्ये ठेवायची युक्ती अगदी बरोबर, मधोमध छान भेगा पडल्या, बावीस झाल्या. पहिली सासूबाईंना दिली, त्यांनी दुसरी मागितली. आता रव्याच्या केकला दही आंबट घ्यायचं की गोडं, तेवढं कोणीतरी सांगा, उद्या दुपारी लावायचाय.

सायसाखर:
गोडं, ताजं. आणि रवा दह्यात अर्धा तास भिजू दे, पातेल्यावर ताटली आणि ताटलीवर खलबत्ता.