ट्रेडमध्ये गेलेला आपला खेळाडू, टीमबाहेर बसलेला आपला खेळाडू: फूटीवाल्यांनो, अनुभव लिहा

हॉथॉर्नकर_काकू
कार्लटन क्लबचा चार्ली कर्नो सिडनीच्या क्लबात गेला. या बुधवारी (ऑक्टोबर २०२५) ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपता संपता कागद झाले म्हणे. मी कार्लटनची नाही, मला रडायचं काहीच कारण नाही. पण सिडनी हे नाव वाचलं आणि थेट २०१३ मध्ये जाऊन पडले.

आम्ही तेव्हा मेलबर्नला नवीन. शेजारच्या आजींनी तपकिरी-पिवळा मफलर गळ्यात घातला, म्हणाल्या आता तू हॉथॉर्नची. विषय संपला. बडी फ्रँकलिन हा एकच माणूस मला मैदानावर ओळखू यायचा, कारण तो डावखुरा आणि पळताना भलत्याच वळणाने यायचा. २००८ ला एका सीझनमध्ये शंभरावर गोल केलेला माणूस, त्यानंतर ते कोणालाच जमलेलं नाही. फ्रीमँटलला हरवून फ्लॅग, म्हणजे विजेतेपद, आला, आणि आठवड्याभरात बातमी. नऊ वर्षं, एक कोटी डॉलर, सिडनी स्वान्स. वर्षभर सगळे म्हणत होते जायंट्स या दुसऱ्या क्लबाला जाणार. हॉथॉर्नला तेवढीच ऑफर देऊन त्याला ठेवता आलं असतं, पण एवढा पैसा कुठून आणणार? बदल्यात काय मिळालं तर १९ नंबरचा पिक, म्हणजे नवी पोरं निवडायच्या रांगेत एकोणिसावा नंबर. आजी आठवडाभर पेपर उघडत नव्हत्या.

पुढच्या वर्षी ग्रँड फायनलला समोर सिडनीच. बडीने गोल मारला की माझे हात आपोआप वर, आजी माझ्याकडे बघतायत. आम्ही ६३ पॉइंटनी जिंकलो म्हणून शेजार टिकला.

तुमचा कोण गेला? कोणाला टीममधून काढलं तेव्हा जीव तुटला? फराळ करता करता लिहा, शुद्धलेखन कोणी तपासत नाहीये.

कोबर्गचा_कार्टा
काकू, जखमेवर मीठ. आमच्याकडे सुतक आहे.
कर्नो एकटा गेलाय का? डी कोनिंग सेंट किल्डाला. जॅक सिल्व्हाग्नी, तोही सेंट किल्डाला. अहो सिल्व्हाग्नी! आजोबा सर्जिओ, बाप स्टीफन, दोघांनी कार्लटनसाठी फ्लॅग जिंकलेत. हे म्हणजे वाड्यातल्या थोरल्या पातीनेच उठून समोरच्या गल्लीत भाड्याने राहायला जावं. शेवटचा फ्लॅग १९९५. तेव्हा मी वसईत तिसरीत होतो आणि कार्लटन हे नावही ऐकलं नव्हतं, तरी बोलणी मीच खातो.

बिगरखेळाडू
फूटी म्हणजे फुटबॉलच ना? मेस्सीवालं?

ग्रँडस्टँड_गण्या
@बिगरखेळाडू नाही हो. अंडाकृती बॉल, हातात घेऊन पळायचं, पण पास करताना फेकायचा नाही, मुठीने मारायचा नाहीतर लाथेने. अठरा-अठरा जण. चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने गेला तर ६, बाजूच्या फटीतून १. मैदान क्रिकेटचंच. २०२२ ला कोहलीने रौफला ते दोन छक्के मारले ना, त्याच एमसीजीवर दर सप्टेंबरअखेर फायनल होते.
आणि ट्रेड म्हणजे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतले, पिक. क्लबाक्लबात रोख देवघेव नाही. सगळ्यांना पगाराची मर्यादा सारखी. आणि खेळाडू हो म्हटल्याशिवाय त्याला हलवता येत नाही.

बिगरखेळाडू
ओह. म्हणजे आपला हार्दिक गुजरातहून मुंबईला आला तसं.

ग्रँडस्टँड_गण्या
तो रोखीचा व्यवहार. इथे चालला नसता.

दादरचा_दत्तू
हार्दिकचं नाव काढू नका सकाळी सकाळी. २०२४ ला वानखेडेवर होतो. आपल्याच कॅप्टनला आपलेच लोक हुर्यो करतायत. मीही केली. आणि दोन-तीन महिन्यांत त्यानेच वर्ल्ड कपच्या फायनलला शेवटची ओव्हर टाकली तेव्हा घरात उड्या मारल्या. पब्लिकला लाज नसते.

चकलीवाली
धाग्याशी संबंध नाही, पण इथे सगळे ऑस्ट्रेलियातले दिसतायत म्हणून विचारते. इथल्या तांदळाच्या पिठाची चकली तेल पितेय. काय करू?

पर्थचा_पक्या
काकू, तुमचं एकतर्फी दुःख. आमच्याकडे दोन्ही बाजू आहेत.
क्रिस जड. २००६ ला आमचा, म्हणजे वेस्ट कोस्टचा, कॅप्टन, सिडनीला एका पॉइंटने हरवून फ्लॅग. पुढच्याच वर्षी म्हणाला मला घरी जायचंय, मेलबर्नला. कार्लटनने त्याच्या बदल्यात ३ नंबरचा पिक दिला आणि जॉश केनेडी नावाचा एक कोवळा पोरगा. तो मूळचा आमच्याच भागातला, पण त्याला बिचाऱ्याला तेव्हा परत यायचं नव्हतं. आमच्या ऑफिसात नुसता शिमगा.
मग? जडने कार्लटनला २०१० चं ब्राउनलो मेडल (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळवलं, फ्लॅग नाही. केनेडीने आमच्यासाठी ७०० च्या वर गोल मारले, क्लबमध्ये सर्वात जास्त, आणि २०१८ चा फ्लॅग. आता सांगा कोण लुटलं गेलं. कोबर्गच्या कार्ट्या, बोल.

कोबर्गचा_कार्टा
मी फोन ठेवला आहे.

पर्थचा_पक्या
आणि टीम सिलेक्शनचं म्हणाल तर त्याच २०१८ चं. अँड्र्यू गॅफवर ८ मॅचची बंदी, त्यामुळे फायनल हुकली. आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत सीमारेषेला चिकटून, अशक्य कोनातून गोल मारला डॉम शीडने. गॅफ असता तर शीडला जागा मिळाली असती का? यावर आम्ही चार मित्र अजून भांडतो. एकाने तर हाउसवॉर्मिंगला बोलवायचं बंद केलं होतं.

मॅगपाय_मंदार
२०१८ चा विषय या कॉलिंगवूडवाल्या घरात निघत नाही. तुमच्याकडून पाच पॉइंटनी हरलो. पुढे.

ट्रेडचं माझं दुःख ट्रेलोर. २०२०. कोविड, लॉकडाऊन, घरातून पाच किलोमीटरच्या बाहेर जाता येत नव्हतं आत्ताआत्तापर्यंत, आणि क्लब एकाच वेळी ट्रेलोर, स्टीफनसन, फिलिप्स तिघांना वाटून टाकतोय. पगाराच्या मर्यादेत बसत नव्हते म्हणून. ट्रेलोरचा करार अजून पाच वर्षं बाकी होता, तो सांगतोय मला राहायचंय. पार्टनर नेटबॉल खेळायला क्वीन्सलंडला जाणार होती तर त्याचीही चर्चा. शेवटी बुलडॉग्जला गेला आणि त्याच्या पगाराचा काही भाग आम्हीच भरत राहिलो! जावयाला हाकललं आणि वर दिवाळसण चालू ठेवला. नियमात आहे म्हणे, "होकार लागतो". पण तुला सगळे दारच दाखवत असतील तर तू किती दिवस बसून राहशील?

आणि हो, २०२३ ला चार पॉइंटनी जिंकलो तेव्हा सामनावीर बॉबी हिल, ट्रेडमध्ये आलेला. तेव्हा मी ट्रेडला शिव्या दिल्या नाहीत, हे कबूल.

निवांत_नाना
मंदार, तुमच्याच क्लबचं २०१० विसरलास. फायनल ६८-६८ बरोबरीत सुटली, तेव्हा एक्स्ट्रा टाइम नव्हता, पुढच्या शनिवारी परत मॅच. अख्खं गाव आठवडाभर ताटकळत. आणि त्या परत खेळायच्या मॅचमधून लिऑन डेव्हिसला काढलं, गोल्डसॅकला घेतलं. कॉलिंगवूड ५६ पॉइंटनी जिंकलं. म्हणजे डेव्हिस फायनल खेळला, हरला नाही, आणि मेडलही नाही. मी कोणत्याच टीमचा नाही पण हे मला अजून टोचतं. कोच बरोबरच होता, तरी टोचतं.

मॅगपाय_मंदार
नाना 🙏 गुरुवारी संध्याकाळी टीम जाहीर झाली तेव्हा आमच्या घरात त्या नावावर शांतता झाली होती.

पॅरामॅटाचा_पंत
सिडनीची बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो, ट्रेनमध्ये आहे.
आम्हाला तेव्हा पगाराच्या मर्यादेवर सुमारे १० टक्के महागाई भत्ता होता, कारण इथली घरभाडी. बडी आल्यावर बाकीच्या क्लबांनी एवढी बोंब मारली की भत्ता बंद झालाच, वर आमच्यावर ट्रेडबंदीही आली.
फ्लॅग किती आले? शून्य. २०१४, २०१६, २०२२ तिन्ही फायनल हरलो. हिशेब मांडला तर काकूंची टीम जिंकली. पण २०२२ च्या मार्चमध्ये जिलाँगविरुद्ध त्याचा हजारावा गोल झाला तेव्हा मी एससीजीवर होतो. हजारो माणसं कुंपणावरून मैदानात. मॅच अर्धा तास थांबली असेल. माझा मुलगा खांद्यावर, माझी चप्पल कुठेतरी गेली. या रग्बीच्या शहरात माझ्यासारखे कितीतरी जण फूटी बघायला शिकले ते या एका माणसामुळे. त्यामुळे दहा मिलियन महाग पडले असं मला नाही वाटत. कर्नो या, बसा.

हॉथॉर्नकर_काकू
पंत, चप्पल मिळाली का?

पॅरामॅटाचा_पंत
नाही. नवी कोरी कोल्हापुरी होती.

दादरचा_दत्तू
मॅचला कोल्हापुरी कोण घालतं 😂

बाँबर_बंड्या
सगळ्यांचे खेळाडू गेले म्हणून रडताय. आमचा गेला नाही म्हणून रडायचंय. झॅक मेरेट, एसेंडनचा कॅप्टन, स्वतः म्हणाला मला हॉथॉर्नला जायचंय. मुदत संपली, सौदा झालाच नाही. आता तो सोमवारी ऑफिसात येणार, म्हणजे ट्रेनिंगला, आणि सगळे म्हणणार काय रे कसा आहेस.
आमचा मुलगा २००५ चा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एसेंडनने फायनल्समधली (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांतली) एक मॅच जिंकलेली त्याने आयुष्यात पाहिलेली नाही. २००४ ला जिंकली होती शेवटची. त्याला मी या क्लबात घातला. म्हातारपणी बघणार नाही तो आम्हाला.

फुट्स्क्रेची_सून
इतके मोठे खेळाडू नाहीत माझ्याकडे, पण टीम सिलेक्शनवरून आमच्या घरात झालेलं महाभारत लिहिते. थोडं लांबेल, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वेळ आहे.

लेक चौदा वर्षांखालच्या मुलींच्या टीममध्ये. सासरे कराडहून सहा महिन्यांसाठी आलेले, तरुणपणी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेले. पहिली मॅच बघितल्यावर म्हणाले, "हे आपलंच आहे गं, फक्त पट्टा मोठा आहे." त्यानंतर दर गुरुवारी रात्री कोचचा मेसेज आला की टीम मोठ्याने वाचून दाखवायची. कोण बाहेर, कोण आत, त्यावर मामंजींची टिप्पणी. "ती लाल केसांची पोरगी खिंडीत उभी करायची आहे, मागे का ठेवली?" आणि नात बाकावर दिसली की पारा वर. मुलांच्या टीममध्ये सगळ्यांना आळीपाळीने बसवतात हे किती वेळा सांगितलं. "मग जिंकायचं कुणी?"

एका शनिवारी गेले सरळ कोचकडे. कोच म्हणजे दिवसभर इलेक्ट्रिशियनचं काम करून फुकट शिकवणारा देवमाणूस. काय बोलणं झालं देव जाणे, कारण दोघांची भाषा वेगळी. पण पुढच्या आठवड्यात कोचने मामंजींना पांढरा कोट आणि दोन झेंडे दिले: गोल अंपायर! (ही कामं पालकांनीच करायची असतात, कोणी पुढे येत नाही.) गोल झाला की दोन्ही झेंडे हलवायचे, एकच पॉइंट असेल तर एक. मामंजी ताठ उभे. संक्रांतीला सुगडं घ्यावीत तसे झेंडे जपून धरलेले.

आणि मग व्हायचं तेच झालं. शेवटचा क्वार्टर, नातीची किक, बॉल खांबाला चाटून आत. सगळे ओरडले गोल. मामंजींनी एक झेंडा हलवला. खांबाला लागला की एकच पॉइंट, नियम आहे. आम्ही चार पॉइंटनी हरलो. नात रात्रभर आजोबांशी बोलली नाही. यांनी पण "बाबा, थोडं इकडेतिकडे चाललं असतं" म्हटलं तर ताट सारून उठले. समोरच्या टीमच्या कोचने मात्र येऊन हात मिळवला.

नंतर कोचला टीम निवडण्यावरून एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला बोलायचे.

निवांत_नाना
वा! सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

टायगर_ताई
@फुट्स्क्रेची_सून हसून हसून मेले 😀 आमच्याकडे उलट आहे, सासूबाईंना रिचमंडचं वेड. डस्टी मार्टिनचं टॅटू बघून आधी नाक मुरडायच्या, मग तीन फ्लॅगनंतर "आपला डस्टी". मागच्या वर्षी रिओली, बोल्टन, बेकर तिघं एकदम गेले तेव्हा त्यांना सांगायलाच घाबरलो होतो. म्हणाल्या, जाऊ देत, पोरांचे पिक किती आले ते सांग. मला माहीतच नव्हतं त्यांना पिक म्हणजे काय हे कळतं.

खारीबिस्किट
बॉब मर्फी कोणीच लिहिला नाही?? बुलडॉग्जचा कॅप्टन, २०१६, सीझनच्या सुरुवातीलाच गुडघा गेला. क्लबला १९५४ नंतरचा पहिला फ्लॅग आणि हा साध्या कपड्यात. कोच बेव्हरिजने स्वतःचं मेडल काढून त्याच्या गळ्यात घातलं. आमच्या कामवाल्या, म्हणजे इथे क्लीनर असतात त्या, फूट्स्क्रेच्या जुन्या. अजून सांगताना डोळे पुसतात. बस आली, बाकी नंतर.

कोबर्गचा_कार्टा
परत आलो. पक्या, केनेडीबद्दल एवढंच म्हणतो की तो तुमच्याकडे पहिली काही वर्षं फारसा चमकला नव्हता, तेव्हा तुम्हीही रडत होतात. कर्नोच्या बदल्यात आम्हाला विल हेवर्ड आणि पिक मिळालेत. पिक म्हणजे आज बारावीत असलेलं कोणाचं तरी पोर. दहा वर्षांनी भेटू.

पर्थचा_पक्या
तोवर टास्मानियाची टीम पण आलेली असेल, २०२८ ला येतेय. ते पण तुमचेच पळवणार 😁

फुट्स्क्रेची_सून
@चकलीवाली मोहन जास्त झालंय. दोन चमचे पीठ अजून घाल आणि तेल नीट तापू दे. भाजणी मेलबर्नला हवी असेल तर माझ्याकडे आहे, शनिवारी मॅच नाही.

चकलीवाली
जमलं!! थँक्यू ताई. बाय द वे मी ब्रिस्बेनची. दोन वर्षं लागोपाठ फ्लॅग आमच्याकडे आहे, मी काही बोलले का?

बाँबर_बंड्या
हिला ब्लॉक करा.