६१७४ : २१११ पासून सुरुवात केल्यास शून्य का येते?

प्रश्न
देवळालीचे शाळाशिक्षक आणि गणिती द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला गुणधर्म असा, की चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या बाकीवर हीच कृती करत राहावे, म्हणजे अखेरीस ६१७४ येते व तेथेच थांबते. चारही अंक समान असलेल्या संख्या वगळायच्या, हे मला ठाऊक आहे. परंतु २१११ − १११२ = ९९९ आणि पुढे ९९९ − ९९९ = ० येते. मग नियम सर्वत्र लागू आहे असे कसे म्हणावे? तसेच सुमारे नऊ हजार संख्या एकेक करून तपासल्याविना तो सिद्ध करता येतो का?

प्रतिसाद १
बाकी ९९९ नसून ०९९९ आहे. पुढचे शून्य टाकून दिले की कृतीच बदलते. ते ठेवल्यास ९९९० − ०९९९ = ८९९१ आणि त्यापुढे अनुक्रमे ८०८२, ८५३२ व ६१७४ मिळतात.

सिद्धतेसाठी नऊ हजार संख्यांची गरज नाही. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील, तर बाकी नेहमी ९९९(क − घ) + ९०(ख − ग) इतकी येते, म्हणजे ती केवळ या दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही, त्यामुळे एकूण ५४ जोड्याच उरतात व त्या वहीत तासाभरात तपासून होतात. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. २००५ घेऊन पाहावे. ६१७४ साठी हे फरक ६ आणि २ आहेत, आणि ५९९४ + १८० = ६१७४.

प्रतिसाद २
सिद्धता मान्य आहे, पण हा गुणधर्म मुळात संख्येचा नसून आपल्या दशमान लेखनाचा आहे, असे माझे मत आहे. अठराच्या आधारात, म्हणजे दहाऐवजी अठराच्या पटीत स्थाने मोजणाऱ्या लेखनात, ६१७४ ही संख्या १११० अशी लिहिली जाते आणि तेथे ती स्वतःकडे परत येत नाही. अंकांची बेरीज १८ असून तिने ६१७४ ला पूर्ण भाग जातो, म्हणून कापरेकरांच्याच व्याख्येप्रमाणे ती हर्षद संख्या ठरते. पण तीही दशमानाचीच गोष्ट झाली. मला अधिक मोलाचे वाटते ते १८ + १८² + १८³ = ६१७४. यातून १८ बाहेर काढल्यास १ + १८ + १८² = ३४३ = ७³ उरते, आणि न² + न + १ हा पूर्ण घन होईल अशी १८ वाचून दुसरी धन पूर्णांक संख्या नाही. हे कोणत्याही आधारात खरे राहते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पाच अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक आहे का?

प्रतिसाद १
नाही. तीन अंकांसाठी ४९५ आहे, पाच अंकांना मात्र चक्रेच मिळतात. उदाहरणार्थ ५३९५५ वरून ५९९९४ आणि त्यावरून पुन्हा ५३९५५. सहा अंकांत ५४९९४५ व ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत, पण तेथेही काही संख्या चक्रात अडकतात, त्यामुळे कोठून सुरुवात केली यावर शेवट ठरतो.